उशाशी माईक

“थांबा. काही ऐकू आलं?”

एक बोट वर, मान किंचित डावीकडे कललेली, आणि समोरचा माणूस निम्म्या वाक्यात अडकलेला. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात तुम्ही त्यांना भेटला असतात, तर तुमचंही एखादं वाक्य असंच लटकलं असतं. दूधवाला, सिलिंडर आणणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना त्यांनी त्या बोटानं थांबवलं होतं. त्यांच्याबरोबर आपणही नकळत कान देत असू. बहुतेक वेळा काहीच नसे. मग बोट खाली यायचं. “हां, बोला. कुठं होतो आपण?” तोवर बोलणारा आपलं म्हणणं विसरलेला असायचा.

सगळे त्यांना सर म्हणत. सिकंदराबादला रेल्वेच्या एका प्रशिक्षण संस्थेत त्यांनी उमर काढली. टेलिफोन आणि सिग्नलची माणसं त्यांच्या हाताखालून तयार होऊन गेली. घराणं मूळचं परभणीकडचं. आजोबा निजामाच्या नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले. त्यामुळे सरांच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ असं मिसळलेलं होतं की ते वेगळं काढायला गेलं तर मराठीच उसवली असती.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, आणि असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. सभेला उशिरा पोचलो, तोवर सगळ्यांनी माझं नाव सुचवून टाकलेलं होतं. पण तेव्हापासून लिफ्ट बंद पडली, बोअरला पाणी कमी आलं, की मला आपणच काहीतरी चुकलो असं वाटतं. माझा स्वभावच तसा आहे. सरांच्या बाबतीत तर हे ओझं जरा जास्तच वागवतो आहे. ते का, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवत. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, खणखणीत आवाज. त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, आणि आवाज गेला म्हणण्यापेक्षा उतरला म्हणू. बोलणं स्पष्ट होतं, बुद्धी तर पूर्वीपेक्षा तिखट झाली होती, पण शब्द बाहेर यायचे ते कुजबुजल्यासारखे. पलंग मागच्या खोलीत. तिथून लांब बोळ, बोळाच्या तोंडाशी एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला दिवाणखाना. काकूंनी हाक मारली तर ती बोळातच विरून जायची.

मी सुचवलं होतं, उशाशी बेल बसवू. डाव्या हातानं दाबता येईल. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी झोपी गेलो होतो.

“बेल काय सांगते, सेक्रेटरीसाहेब? या, एवढंच. ती काय म्हणते ते मला ऐकायचंय.”

मग अफझलगंजकडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी एक पॉवर ॲम्प्लिफायर आणला. कुठल्याशा फंक्शन हॉलमधून निघालेला, वरातीत शंभर माणसं नाचवून थकलेला. दोघांनी धरून जेमतेम उचलला. लिफ्ट बंद होती, म्हणजे माझंच पाप, म्हणून मी एका बाजूला धरून तो तीन मजले चढवला. एवढं धूड एका कुजबुजीसाठी. यादम्मा, काकूंचं सगळं करणारी बाई, दार उघडून बघतच राहिली. “क्या साब, घर में शादी है क्या?” सर म्हणाले, “हौ, माझीच आहे. जुनीच. चालू आहे अजून.”

त्या यंत्रात थंडाव्यासाठी एक पंखा होता, आणि तो काकूंपेक्षा मोठ्यानं बोलायचा. म्हणून यंत्र दिवाणखान्यात ठेवणं आलं. माईक काकूंच्या उशाशी, शेजारी तिपाईवर माईकचा आवाज जुळवणारा एक छोटा मिक्सर, तिथून बोळातून लांब तार, दिवाणखान्यात ॲम्प्लिफायर, आणि त्याचा स्पीकर स्वयंपाकघरात, यादम्माच्या डोक्यावर. सरांनी स्विच लावला. स्पीकरमधून आली ती गुं गुं. एखादा भुंगा पत्र्याच्या डब्यात कोंडावा तशी. काकूंचा आवाज त्याच्या खाली कुठंतरी गाडला गेला होता.

तार बोळातल्या विजेच्या वायरीला खेटून गेली होती. खाली बोअरची मोटर सुरू झाली की भुंग्याचे दहा भुंगे व्हायचे. आणि मोटर सुरू कोण करणार, तर सेक्रेटरी. सरांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. मोटर लागली की ते उठून काकूंजवळ जाऊन उभे राहायचे आणि टाकी भरेपर्यंत हलायचे नाहीत, एवढंच. हे मला यादम्माकडून कळलं. त्या दिवसापासून बटण दाबताना माझा हात अडखळायला लागला.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं मधेच एक उपाय केला. यंत्राच्या प्लगची अर्थिंगची तार काढून टाकली. गुंगुं खरंच गेली. तो खुशीत हात पुसत होता. सर मात्र पांढरेफटक पडले. ज्या यंत्राची तार काकूंच्या उशीपर्यंत जाते त्याचं अर्थिंग तोडलं, म्हणजे उद्या आत काही बिघडलं तर वीज कुठं जाईल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. त्यांनी जागच्या जागी ती तार परत लावून घेतली आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते तो प्लग उघडून बघत.

“गुंगुं चुकीच्या जागी मारायची नाही,” असं ते म्हणाले. मग त्यांनी मला खरा इलाज समजावला. त्यांची समजावण्याची पद्धत मला आवडायची, म्हणून सांगतो. आता आपली तार होती अनबॅलन्स्ड: एक तार आवाज नेते, भोवतालची जाळी परतीची वाट. रस्त्यात जो कचरा मिळेल तो आवाजात मिसळून येतो. जवळच्या जवळ जोडायचं तर चालतं, एवढ्या लांब नाही. बॅलन्स्ड लाईनीत जाळीच्या आत दोन तारा. आवाज दोन्हींवर, पण एकीवर सुलटा, एकीवर उलटा. रस्त्यातला कचरा मात्र दोघींवर सारखाच पडतो. पलीकडे ॲम्प्लिफायर दोघींमधला फरक तेवढा घेतो. कचरा सारखा, म्हणून तो आपोआप वजा होतो. आवाज उरतो.

“वजाबाकी,” आतून काकू म्हणाल्या असाव्यात. मी आत पाणी द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, “त्यांनी तुम्हाला वजाबाकी सांगितली का? लग्नाच्या पहिल्या वर्षी मलाही सांगितली होती. मी गणिताची बाई आहे, हे विसरून.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सरांना हे सगळं येत होतं ते फळ्यावर. संस्थेत सोल्डरिंग करायला लॅबमधली माणसं होती. सरांनी सोल्डर गन हातात धरली ती बहुधा निवृत्तीनंतरच. कथिल पिनेवर पडण्याऐवजी लुंगीवर पडायचं. नव्या लाईनीच्या टोकाला तीन पिनांचा मोठा प्लग लागतो, एक पिन जाळीची, दोन तारांच्या; तो त्यांनी कितीदा जाळला. मी टॉर्च धरायचो, आणि प्रत्येक जोड झाला की मीटर लावून बघायचो. ते काम त्यांनी मला शिकवलं होतं. जोड लागला असेल तर मीटर वाजतं. ते वाजलं की सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत, आणि मला आपण पास झालो असं वाटे.

लाईन झाली. स्विच लावला. काहीच आवाज नाही. इतकं काही नाही की आम्हाला वाटलं बंदच पडलंय. मग त्या शांततेत श्वास ऐकू आला. काकूंचा. सरांनी डोळे मिटले. आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून, लग्नाच्या वरातीएवढ्या यंत्रातून, काकू म्हणाल्या, “यादम्मा, आज तरी भाजीत मीठ घाल.”

तेव्हापासून काकूंचं राज्य परत आलं. फोडणी करपतेय, कुकरची शिट्टी झाली, दारात कोण आहे, सगळं त्या पलंगावरून चालवत. खालच्या माझ्या घरातही कधी कधी ऐकू यायचं. शेजाऱ्यांपैकी दोघांनी मला सांगितलं की सरांना आवाज कमी करायला सांगा, सकाळी सकाळी खोकला ऐकू येतो. मी सांगायला वर गेलो, चहा पिऊन आलो. पुन्हा गेलो, पुन्हा चहा पिऊन आलो.

मग सरांना वाटलं की आपण दिवसभर बसतो बोळाच्या तोंडाशी, तिथंही नीट ऐकू यायला हवं. दुसरा स्पीकर दिवाणखान्यात लावला. यंत्राला दोन बाजू होत्या, एकेका स्पीकरसाठी एकेक, पण दुसऱ्या बाजूचं तीन पिनांचं सॉकेट फुटलेलं. शेजारी साधा, अनबॅलन्स्ड गोल जॅक होता. सर म्हणाले, इथून तिथं वीतभर तार, इथं चालतं. त्याच लाईनीतून एक छोटी शाखा काढून त्यांनी जॅकला जोडली. मीटर वाजलं. मी पास झालो. सरांनी खुर्ची बरोबर मध्ये ठेवली, एका कानाला स्वयंपाकघर, दुसऱ्याला दिवाणखाना, आणि बसले.

त्यानंतर सर खंगायला लागले.

काकूंचा आवाज उतरतोय, असं त्यांना वाटू लागलं. खुर्चीत बसून त्यांना तो रोज पातळ लागायचा, पोकळ, कुठून येतोय ते न कळणारा. त्यांनी यंत्राचा आवाज वाढवला. खालून तक्रारी वाढल्या. ते आत जाऊन काकूंना म्हणत, “बोल. जरा मोठ्यानं बोल.” आणि त्यांच्या ओठांकडे बघत उभे राहत, पेपर तपासल्यासारखे. काकू डोळे मिटून घेत. परीक्षा द्यायची त्यांची इच्छा नव्हती. सर बाहेर येत आणि मला सांगत, “बघा, आता तर बोलतच नाही.” डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. सरांचं जेवण सुटलं. जिन्यात ते आता कुणाला थांबवत नव्हते. बोलणारा बोलत राही, ते त्याच्या पलीकडे बघत राहत.

शेवटी ठरलं की काकूंना दवाखान्यात दाखल करायचं. घशातून नळी घालून तपासणी, मग कदाचित पोटात नळी. काकू नाही म्हणत होत्या. “मला इथून कुठं न्यायचं नाही,” हे मीही ऐकलं होतं. सर म्हणाले, आवाज रोज उतरतोय आणि मी हातावर हात ठेवून बसू का? त्या सकाळी मला बोलावलं, काकूंना खुर्चीसकट खाली न्यायला. लिफ्ट चालू होती. मी देवाचे आभार मानले ते तेवढ्यासाठीच.

मी थर्मास घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. डोक्यावरच्या स्पीकरमधून काकू म्हणाल्या, “यादम्मा, माझी ती निळी शाल दे. यांना सांग, मी शेवटचं सांगतेय, मला न्यायचं नाही.” प्रत्येक शब्द स्वच्छ. मी बाहेर आलो. सर खुर्चीत बसलेले. “ऐकलंत?” ते म्हणाले. “काही कळतं का?” मी त्यांच्या शेजारी वाकलो. काकू अजून बोलत होत्या, आणि तिथं, त्या खुर्चीशी, खरंच काही कळत नव्हतं. दोन पावलं मागं स्वयंपाकघरात स्पष्ट. इथं नुसती वाफ.

मी म्हणालो, “सर, जरा स्वयंपाकघरात उभं राहून ऐका.”

यादम्मा म्हणाली, “मैं कब से बोलरी साब को. अम्मा का आवाज साफ आरा. सुनतेच नै.”

सर उठले. स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. मग खुर्चीपाशी. मग दिवाणखान्यात, स्पीकरला कान लावून. मग पुन्हा खुर्चीपाशी. काकू आत निळ्या शालीबद्दलच बोलत होत्या. सर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दिवाणखान्यातल्या स्पीकरची तार उपटली. एक स्पीकर बंद झाला, आणि खुर्चीशी काकूंचा आवाज भरून आला. आवाज कमी करावा तर वाढावा, असं.

त्यांना उमगायला वेळ लागला नाही. संस्थेतल्या जुन्या यंत्रांना सुलटी तार तिसऱ्या पिनेवर असे. जन्मभर फळ्यावर तेच काढलं. या यंत्राला ती दुसरीवर हवी होती. मोठ्या प्लगमध्ये सवयीनं तिसरीवर गेली. लहान जॅकमध्ये मात्र बरोबर लागली. म्हणजे एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. नुसता एकच स्पीकर होता तोवर काही बिघडलं नव्हतं. दोन झाले, आणि दोघांच्या बरोबर मध्ये, जिथं त्यांनी मोजून खुर्ची ठेवली होती, तिथं काकूंच्या आवाजातून काकूंचाच आवाज वजा होत होता. मीटरला हे कळणार नव्हतं. जोड तर लागलेले होते.

सर जमिनीवर बसून राहिले. रडले नाहीत. “ती ठीक आहे,” एवढंच कितीदा तरी म्हणाले. दवाखाना रद्द झाला, आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या प्लगमधल्या दोन तारांची अदलाबदलही झाली. काकूंना कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे चिन्हाची चूक. अर्धा गुण कापा.”

त्यानंतरचे महिने चांगले गेले. सर जिन्यात पुन्हा लोकांना थांबवायला लागले. काकूंच्या झोपेच्या वेळी नको म्हणून मी मोटरची वेळ बदलली, काही लोक माझ्याशी बोलेनासे झाले, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

थंडी सुरू झाली आणि काकूंचा आवाज खरोखर उतरायला लागला.

या वेळी तो सगळीकडेच पातळ होता. स्वयंपाकघरात, खुर्चीत, दिवाणखान्यात. यादम्मा गॅस बारीक करून स्पीकरखाली उभी राहायची. सरांना मात्र या वेळी भीती वाटली नाही. ते जवळजवळ खूष होते. “वायरिंग,” ते म्हणाले. “कुठंतरी जोड सुटलाय.” मला बोलावलं. आम्ही मोठा प्लग उघडला. पिना पाहिल्या. जॅक बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोळातली सगळी तार काढून नवी टाकली. मी टॉर्च धरत होतो, मीटर लावत होतो, आणि प्रत्येक जोडाला ते वाजत होतं. मला पहिल्या दुपारीच कळलं होतं. पाणी द्यायला मी आत गेलो होतो आणि काकूंना पाहिलं होतं. तरी मी म्हणत राहिलो, “सर, अजून एकदा बघू.” कारण ते वाकून काम करत होते तोवर त्यांचा चेहरा सुखी होता, आणि तो मोडायला मी कोण, असं मला वाटत होतं. बोळाच्या त्या टोकाला काकू जाग्या होत्या. आम्ही या टोकाला पिना मोजत होतो. त्या दोन दुपारी मी कुणाच्या भल्यासाठी गप्प राहिलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दुपारी त्यांनी शेवटचा जोड केला. स्विच लावला. आत काकू काहीतरी म्हणाल्या. स्पीकर नुसता श्वासासारखा हलला.

“मिक्सर असेल,” सर म्हणाले. “उद्या अफझलगंजला जाऊ.”

मी मीटर खाली ठेवलं. “सर, तारा बरोबर आहेत.”

“तिसरी पिन?”

“तिसरीही.”

“मोजली?”

“हौ. मोजली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गातल्या मुलानं उत्तर बरोबर दिल्यावर मास्तर पाहतो, तसं. त्या नजरेनं मला अजून झोप येत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. काकू संक्रांतीपूर्वी गेल्या. सरांना मुलगी बंगळुरूला घेऊन गेली. वरचा फ्लॅट आता भाड्यानं दिलाय, आयटीतलं एक जोडपं राहतं, दिवसभर कानात काहीतरी घालून असतं. सरांचा फोन येतो. मी लिफ्टचं सांगतो, ते हवेचं सांगतात.

पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे. माझं बोलणं ऐकल्यावर त्यांनी हात लांब करून ॲम्प्लिफायरचा स्विच बंद केला. कितीतरी महिने घरात फिरत असलेला तो पंखा हळूहळू थांबला. ते उठले, लुंगीवरचं कथिल झटकलं आणि आत गेले. मी बोळातून पाहत होतो. पाहायला नको होतं, पण पाहत होतो. त्यांनी माईक बाजूला सारला. मोठ्यानं बोल, असं म्हणाले नाहीत. ओठांकडेही पाहिलं नाही. पलंगाशी बसून त्यांनी डोकं काकूंच्या उशीवर ठेवलं, कान त्यांच्या तोंडाशी नेला. चष्म्याची दांडी मध्ये येत होती. काकूंनी डावा हात सावकाश उचलला आणि तो चष्मा काढून घेतला. मग त्या काहीतरी म्हणाल्या. बरंच काहीतरी असावं, कारण वेळ लागला.

सर हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मी टॉर्च विझवला आणि दार ओढून घेतलं.